हिरवं बटण

सोमवार, ३ मार्च

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न उंदरांना पडला होता. माझ्या मुलाला पडला नाही. काल दुपारी आला, चहा घेतला, खिशातून डबी काढली आणि घंटा बांधून मोकळा झाला.

घंटा म्हणजे लॉकेट. पांढरं, बिस्किटाएवढं, मधोमध लाल बटण. दुसरा भाग टेलिफोनशेजारी बसवलाय — एक खोका, त्याला जाळीचं तोंड. मी पडले की लॉकेटला म्हणे आपोआप कळतं. लॉकेट खोक्याला सांगतं, खोका मुलाला फोन करतो. म्हणजे माझ्याच घरात आता दोन चहाडखोर.

"आई, हे गळ्यात असेल तरच तू इथे एकटी राहायचंस. नाहीतर आमच्याकडे. मी खोली रिकामी करून ठेवलीय."

"कुठली खोली?"

"इस्त्रीची."

एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. शेवटची नऊ सुपरवायझर म्हणून. चाळीस मुली, चाळीस हेडफोन, आणि मी मागून चालत गेले की चाळीस पाठी सरळ व्हायच्या. आता इस्त्रीच्या टेबलाशेजारी कॉट! सून वाईट नाही. तिथे मला कोणी वावगं बोलणार नाही. तेच तर. तिथे मला कोणी काहीच बोलणार नाही. "तुम्ही बसा" म्हणतील, आणि मी बसेन, आणि एक दिवस बसलेलीच राहीन.

इथे दोन खोल्या आहेत, गच्चीकडे उघडणारं दार आहे, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. ती तिथून निघाली की मी आटोपले.

लॉकेट ठेवून घेतलं. प्रेमाने नव्हे. तह म्हणून.

मंगळवार, ४ मार्च

सकाळी गादी झटकली. नऊ वाजून पाच मिनिटं. नऊ पंचवीसला कुलपात खुडबुड. दार उघडते तो बाहेर मुलगा, शेजारीण आणि हातात सळई घेतलेला कुलूपवाला. माझ्या हातात गादी झटकायची काठी. चौघंही सशस्त्र असल्यासारखे एकमेकांकडे बघत राहिलो. शेजारणीच्या हातात पळी होती.

"आई, तू पडलीस ना?"

"मी गादी झटकतेय."

"मग फोन का उचलला नाहीस? सारखा एंगेज!"

"तुझा खोका लाइन अडवून बसलाय. तुलाच फोन लावत होता."

कुलूपवाला जाताना म्हणाला, "काकू, नवं कुलूप घ्या. हे फारच सोशिक आहे."

मुलगा ऑफिस टाकून आला होता. ओठ पांढरे पडले होते त्याचे. ते बघून जे बोलणार होते ते गिळलं. पण गिळलेलं कुठेतरी बाहेर पडतंच. तो गेल्यावर कंपनीला पत्र लिहायला बसले. तीन पानं झाली. शाळेत सिस्टर बोटांच्या पेरांवर पट्टीच्या कडेने मारायच्या, त्यामुळे माझं अक्षर आजही कवायत करत चालतं. रागात तर जास्तच.

शेवट असा केला: "आपले यंत्र पडणारी बाई आणि गादी झटकणारी बाई यांत फरक करू शकत नाही. आमच्या एक्स्चेंजमध्ये अशा मुलीला मी पहिल्या आठवड्यातच घरी पाठवले असते."

पोस्टात टाकून आले. लॉकेट पर्समध्ये ठेवून.

मंगळवार, ११ मार्च

उत्तर आलं! छापील माफी असेल असं वाटलं होतं. तसं नाही. कंपनी नवं मॉडेल तयार करतेय, त्यासाठी वापरणाऱ्यांची मतं हवीत, दर गुरुवारी अकरा वाजता बैठक, न्यायला-आणायला गाडी, चहा-बिस्किटं. "आपल्यासारख्या सजग ग्राहकांचा सहभाग आम्हाला मोलाचा वाटतो." सजग! मुलाला वाचून दाखवलं फोनवर.

"आई, तिथे जाऊन भांडू नकोस."

"त्यांनीच बोलावलंय."

"मत द्यायला बोलावलंय."

"मग फरक काय?"

गुरुवार, १३ मार्च

तिसरा मजला. लांबोडकं टेबल, बारा खुर्च्या, एका भिंतीवर मोठा आरसा. बारा म्हातारे-म्हाताऱ्या, प्रत्येकासमोर एक फॉर्म आणि एक टोक केलेली पेन्सिल. कंपनीतर्फे एक मुलगी होती. आवाजात इतका मध की मुंग्या लागाव्यात. मी मनातल्या मनात तिचं नाव 'मधाची बाटली' ठेवलं.

"आजी, तुम्ही इकडे बसा हं."

"तुझी आजी मी नाही. मॅडम म्हटलंस तर चालेल."

मग तिने मखमली कापड पसरलं आणि त्यावर पाच लॉकेटं मांडली. मोतिया, गुलाबी, निळं, राखाडी, आणि एक सोनेरी मुलामा दिलेलं. कुठला रंग आवडला ते सांगा. एक बाई गुलाबी म्हणाल्या. त्यांच्या शेजारची म्हणाली, मग माझंही गुलाबी. माझ्या डाव्या हाताला एक निवृत्त शिंपी बसले होते — चौकडीचा शर्ट, मापाची टेप अजून गळ्यात. सवय. ते म्हणाले, "मला असं द्या की शर्टाखाली दिसणार नाही."

"हो काका, पण या पाचांतलं कुठलं?"

"न दिसणारं."

फॉर्मवर तीन चौकोन. खूप आवडलं. बऱ्यापैकी आवडलं. थोडं आवडलं. 'मुळीच नाही' हा चौकोन छापायला विसरले होते. मी फॉर्मची कड दुमडून तिची पट्टी केली, चौथा चौकोन आखला आणि त्यात खूण केली. मधाची बाटली म्हणाली, "मॅडम, हा चौकोन मोजता येणार नाही." मी म्हटलं, "तेच माझं म्हणणं आहे."

मग उभीच राहिले. "तुम्ही आम्हाला बोलावून काय विचारताय? रंग. बाई पडते ती रंग बघून पडत नाही. न्हाणीघरात घालायचं की नाही ते विचारा. गळ्याला फास लागेल का ते विचारा. गादी झटकली तर काय, ते विचारा."

आरशामागे कोणीतरी खोकलं. अच्छा! मी गेले आणि आरशावर टकटक केली. "आत जे कोणी आहे त्यांनी बाहेर यावं. लपून ऐकायचं काम मीही एकतीस वर्षं केलंय. पण आम्ही निदान आधी 'नमस्कार, एक्स्चेंज' म्हणायचो."

दार उघडून एक गृहस्थ आले. पंचेचाळिशीचे, बाह्या दुमडलेल्या, खिशाला शाईचा डाग, हातात अर्धा कप चहा. यंत्र बनवणारे इंजिनिअर ते हेच. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हीच का त्या गादीवाल्या मॅडम?"

माझं पत्र त्यांनी आत भिंतीवर टाचून ठेवलंय म्हणे. तिन्ही पानं.

मला काही वाटलं नाही. थोडं वाटलं.

गुरुवार, २० मार्च

आज इंजिनिअर टेबलापाशी बसले. आरशावर कोणीतरी कोट टांगून ठेवले होते. "मागे कोणी नाही," ते म्हणाले. मी तरी एकदा जाऊन पाहिलं. खरंच नव्हतं.

बोलायला लागल्यावर बारा जण थांबेनात. न्हाणीघरात जाताना सगळेच लॉकेट काढून ठेवतात, हे त्यांना माहीतच नव्हतं! "म्हणजे जिथे पडायची भीती तिथेच ते खुंटीला?" त्यांनी कपाळाला हात लावला. चार वर्षं हे यंत्र विकतायत. एकाला विचारलं असतं तर कळलं असतं.

शिंपीकाकांनी दोरी हातात घेतली, ताणून पाहिली आणि नाक मुरडलं. "ही कशात अडकली तर माणूस लटकेल. मध्ये कच्चा टाका ठेवा. रोजच्या ओढाताणीला टिकेल, पण सगळा भार आला की उसवेल." टेपच्या टोकाला टाचलेली सुई काढून जागच्या जागी करून दाखवलं. ताणलं, टिकलं. जोरात ओढलं, सुटलं. इंजिनिअरनी वहीत लिहिलं: कच्चा टाका. मी वाकून वाचलं.

मग माझी पाळी. मी म्हटलं, "माझ्या पडण्याबद्दल पहिलं मत माझं घ्या. यंत्राला शंका आली तर त्याने आधी मला विचारावं. मी ठीक असेन तर तसं सांगेन, आणि त्याने गप्प बसावं. त्यासाठी दुसरं बटण द्या. हिरवं."

इंजिनिअरनी पेन खाली ठेवलं. "आणि मॅडम, कोणी पडल्यावरही ठीक आहे म्हणून सांगितलं तर?"

"आम्ही काय बालवाडीतली मुलं आहोत? शुद्धीवर असलेल्या माणसाचा शब्द मानायचा की नाही? मुलगा मानत नाही, डॉक्टर मानत नाही, आता गळ्यातलं बिस्किटही मानणार नाही?"

शिंपीकाकांनी टेबलावर थाप मारली. मग सगळ्यांनीच. मधाची बाटलीसुद्धा दचकली.

"एक्स्चेंजमध्ये तुम्ही मानायचात शब्द?" इंजिनिअरनी विचारलं. साधेपणानेच विचारलं.

"अर्थात," मी म्हटलं.

हे पूर्ण खरं नाही. आमच्याकडे एक न लिहिलेला नियम होता. कोणी लाइनवर येऊन नंबर न मागता हळूच "काही नाही" म्हटलं, तर जोडणी लगेच काढायची नाही. अर्धं मिनिट कान लावून थांबायचं. आरडाओरडा करणाऱ्याची काळजी नसे, त्याचं कोणीतरी ऐकतच असतं. "काही नाही" वाल्याची असे. नव्या मुलींना हे मीच शिकवायची.

पण ते तिथे सांगून माझा मुद्दा मीच कशाला पाडू! हिरवं बटण मंजूर झालं.

गुरुवार, २७ मार्च

नमुना आला. लाल बटण, शेजारी हिरवं. पाणी चालतं. दोरीत कच्चा टाका. कंपनीत हिरव्याला 'मॅडम-बटण' म्हणतात असं इंजिनिअर म्हणाले. आयुष्यात माझ्या नावाने काही निघालं असेल तर हे.

एकच तक्रार. खोक्यातली बाई विचारायची, "आपण पडलात का?" मी म्हटलं, हा प्रश्न आहे की आरोप? त्यांनी तासाभरात बदललं. आता विचारते, "आपण ठीक आहात का?" आवाज खणखणीत, घरभर जातो. हिरवं दाबलं की गप्प. दोन मिनिटं कोणी काहीच दाबलं नाही तर मुलाला फोन.

वीस घरांत, म्हणजे आम्ही बारा आणि आणखी आठ जण, तीन आठवडे वापरून बघायचं. कुठल्या वेळी इशारा झाला, कुठलं बटण दाबलं, ते खोक्यात टिपलं जाईल. त्यावरून ठरेल, आणि पुढच्या महिन्यात दुकानात.

"तुम्ही सांगाल तसं होईल," इंजिनिअर म्हणाले. असं वाक्य मी शेवटचं कधी ऐकलं होतं, आठवत नाही.

रविवार, ३० मार्च

मुलगा आला. माहितीपत्रक दोनदा वाचलं. ऑडिट करावं तसं.

"म्हणजे तू पडलीस तरी मला कळणार नाही."

"मी कळवलं तर कळेल. पूर्वी तू कुठे जातोस ते मला असंच कळायचं."

हसला नाही. मग म्हणाला, "ठीक. हे तीन आठवडे. पण एकदा जरी खरंच पडलीस तर आमच्याकडे यायचं. वाद नाही."

"आणि नाही पडले तर?"

"तर मी परत विषय काढणार नाही. कधीच."

हात पुढे केला. मीही केला. त्याच्या वडिलांसारखाच हात, कायम गरम. लहानपणी याच हाताने माझा पदर धरून चालायचा. आता पदर मी सोडवून घेतेय.

बुधवार, २ एप्रिल

स्टुलावरून उतरताना जरा दणका बसला. विचारलं. हिरवं दाबलं. गप्प. या घरात इतकं आज्ञाधारक आजवर कोणी नव्हतं.

शुक्रवार, ४ एप्रिल

मुद्दाम गादी झटकली. मुद्दाम जोरात. "आपण ठीक आहात का?" ठणठणीत आहे बाई!

मंगळवार, ८ एप्रिल

न्हाणीघरात बादली कलंडली. पाणीच पाणी. बाकी विशेष नाही. जेवले नाही, भूक नव्हती.

बुधवार, ९ एप्रिल

शेजारीण जिन्यात भेटली.

"काकू, लंगडताय?"

"नवी चप्पल चावतेय."

"पायात तर जुनीच आहे."

"म्हणूनच घातलीय. नवी चावते."

तिला चौकशा फार. संध्याकाळी भांडंभर सूप आणून ठेवलं. मी काही मागितलं नव्हतं. चव बरी होती.

रविवार, १३ एप्रिल

मुलगा येऊन गेला. मी खुर्चीतून उठलेच नाही. म्हटलं, आज चहा तू कर. त्याला वाटलं मी लाडात आलेय. साखर कमी, दूध उतू गेलेलं, ओटा तसाच. पण कपबशी नीट हातात आणून दिली.

"दोन आठवडे झाले गं आई," म्हणाला. "मी हरलो बहुतेक."

"बहुतेक."

"बरं वाटलं हरून." आणि माझ्या डोक्यावर थोपटून गेला. माझ्या! डोक्यावर!

कपबशी अजून विसळलेली नाही.

गुरुवार, १७ एप्रिल

शेवटची बैठक. वीसच्या वीस जण. मधाच्या बाटलीने भिंतीवर तक्ता लावला होता. वीस घरं, तीन आठवडे, एकोणचाळीस इशारे. खरं पडणं: शून्य. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस वेळा हिरवं बटण. तिने टाळ्या वाजवल्या, म्हणून आम्हीही वाजवल्या.

इंजिनिअरनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते तक्त्याकडे बघत होते. "याचा अर्थ यंत्र उगाच घाबरतंय," ते म्हणाले. "जरा खुट्ट झालं की ओरडतं. तुमच्या नोंदींवरून आम्ही त्याचे कान थोडे जाड करतोय. लहानसहान धक्क्याला ते आता विचारणारही नाही. बाजारात जाणाऱ्या सगळ्याच नगांमध्ये."

प्रत्येकाला त्याच्या नोंदींचा कागद दिला. बघून सही करायची. माझे सात इशारे. ते माझ्या खुर्चीपाशी आले आणि पेनाने तीन ओळी दाखवल्या.

"आठ एप्रिल, मंगळवार. आठ दहा. आठ सोळा. आठ चाळीस. मॅडम, एका सकाळी तीन?"

"गादी झटकत होते."

"तीनदा?"

"मळली होती."

सगळे हसले. तेही हसले. समोर लिहून घेतलं: गादी.

शेजारी शिंपीकाका डाव्या हाताने सही करत होते. उजव्या हाताला मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत पट्टी, वरून लांब बाही ओढलेली. मी हळूच विचारलं, "हे काय झालं?"

"शिलाई मशीनवर आपटला."

"डोळे अधू झाल्यावर मशीन देऊन टाकलंत ना? तुम्हीच सांगितलं होतंत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खुर्चीला टेकवून ठेवलेल्या छत्रीकडे. "आणि तुम्ही छत्री आणलीत," म्हणाले. "बाहेर ऊन आहे."

त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. मी सही केली. पलीकडे गुलाबी रंगवाल्या बाई करत होत्या. त्यांच्या कपाळावर पावडरचा थर होता. एका बाजूला जास्त.

शुक्रवार, १८ एप्रिल

सही सुरेख आली होती. सिस्टरनी पाहिली असती तर खूश झाल्या असत्या. वरचा मजकूर वाचेपर्यंत.

सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात. आमचं कोणी ऐकत नाही म्हणून मी आरशावर टकटक केली. त्यांनी ऐकलं. दोरी बदलली, प्रश्न बदलला, माझ्या शब्दाखातर बटण बसवलं. आणि ऐकायला लागल्यावर आम्ही वीस जणांनी त्यांना काय सांगितलं? काही नाही. आमचं "काही नाही" त्यांनी एकोणचाळीस वेळा मोजलं. आता कुठल्या तरी अनोळखी न्हाणीघरात ते यंत्र कान जाड करून गळ्यात लटकणार, आणि त्या बाईला "ठीक आहात का" एवढंही कोणी विचारणार नाही.

मला काय त्याचं! मी माझी किल्ली राखली.

दुपारी शेजारीण भांडं न्यायला आली. दारातच म्हणाली, "काकू, त्या मंगळवारी तुमचा खोका तीनदा बोलला. मी भिंतीपलीकडून ऐकत होते. तुम्ही गप्प केलात, म्हणून नाही आले. यायला हवं होतं का?"

मी म्हटलं, "नाही गं. काही नाही."

ती गेली नाही. भांडं हातात घेऊन बराच वेळ दारातच उभी राहिली.

शनिवार, १९ एप्रिल

आठ तारखेला सकाळी आठ दहाला मी न्हाणीघरात पडले. उठायला गेले, पुन्हा आपटले. दोनदा. खोक्याने तिन्ही वेळा माझ्याच शब्दांत विचारलं, आणि तिन्ही वेळा मी जमिनीवरून हिरवं दाबलं. सव्वाअकरापर्यंत बेसिनची खालची बाजू बघत होते. तिथे गंज आहे.

आज इंजिनिअरना फोन केला. म्हटलं, "ती गादी नव्हती. मी होते."

पलीकडे आवाज नाही. मी लाइन धरून थांबले. अर्धं मिनिट.

"शिंपीकाकांचा फोन काल आला होता," ते म्हणाले.

"मग लिहून घ्या. यंत्राचे कान जाड करू नका. आणि माझं हिरवं बटण गळ्यातून काढा. दाराजवळ भिंतीवर लावा, खांद्याच्या उंचीवर. ज्याला ठीक आहे म्हणायचं असेल, त्याने उठून म्हणावं."

"घेतलं, मॅडम."

मग मुलाला फोन लावला. उभी राहून.